सदतीस अंशांपर्यंत

परक्या माणसाच्या घरात, त्याच्या बायकोमुलांसमोर, शर्टाची वरची दोन बटणं सोडून काखेत वॉशिंग मशीनचा सेन्सर धरून उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. डोळे मिटलेले, डावा हात अंगाशी घट्ट, उजव्या हातात मीटर. घरात म्हातारी असली तर ती भिंतीकडे तोंड करायची. मुलं फिदीफिदी हसायची. त्या माणसाला त्याचं काही नसे. तीन मिनिटं झाली की डोळे उघडायचे, आकडा वाचायचा, बटणं लावायची आणि सांगायचं, 'ठीक आहे,' किंवा 'गेला.' तिसरा शब्द नाही.

नारायण पेठेतल्या ज्या दुरुस्तीच्या दुकानात मी सहा वर्षं फोनवर बसले, तिथले ते सगळ्यांत जुने मेकॅनिक. त्याआधी भोसरीच्या एका कारखान्यात मापनयंत्रं तपासायचे. कारखाना बंद पडला आणि ते आमच्याकडे आले. मी तक्रारी लिहून घ्यायचे, कोणी कुठं जायचं ते ठरवायचे आणि मेकॅनिक परत आले की त्यांच्या कार्डावर शिक्का मारायचे. कार्ड म्हणजे पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा. वर ग्राहकाचं नाव, मध्ये बिघाड, खाली सही. त्याचा फोटो ग्राहकाला पाठवायचा आणि कार्ड आमच्या खोक्यात टाकायचं. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. मालक वयानं त्यांच्याहून मोठे, तेही काकाच म्हणायचे.

काकांची कार्डं मी जेवणाच्या सुट्टीत वाचायचे. बाकीचे मेकॅनिक 'बोर्ड चेंज्ड, ओके' एवढंच खरडून मोकळे होत. काकांच्या कार्डावर निकालपत्र असे. 'पंपात एक टाचणी व एक सुपारी आढळली. सुपारी परत केली.' 'यंत्र निर्दोष. ग्राहकाने यंत्रावर लोणच्याच्या बरण्या ठेवणे थांबवावे.' एकदा कोथरूडच्या एका वकिलाच्या घरून आलेल्या कार्डावर फक्त 'प्लग लावला' असं होतं. त्या वकिलांनी फोन करून माझ्यावर चांगलंच तोंडसुख घेतलं. मी काकांना सांगितलं तर म्हणाले, "मग काय लिहायला हवं होतं?"

बोर्ड बदलणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग. हल्ली मशीनच्या पडद्यावर बिघाडाचा क्रमांक उमटतो, पोरं तो मोबाइलवर शोधतात आणि सरळ आतलं सर्किट बदलून टाकतात. काका म्हणायचे, "डोकं दुखतंय म्हणून डोकंच बदलायचं, तसलं आहे हे." त्यांची स्वतःची पद्धत ठरलेली होती आणि ती ते कोणी न विचारता सांगत: "आधी हात, मग मीटर, मग तोंड." म्हणजे आधी मशीनला हात लावून बघायचं, मग मोजायचं आणि मगच बोलायचं. बहुतेक लोक उलट्या टोकाकडून सुरुवात करतात, असं त्यांचं मत. यात मीही आले.

हाताचं म्हणाल तर तो हात खरंच विलक्षण होता. चहाचा कप आला की बाहेरून दोन बोटं टेकवायचे आणि म्हणायचे, "बासष्ट." सुरुवातीला मला ही शुद्ध फुशारकी वाटली. एक दिवस मी घरून स्वयंपाकाचा थर्मामीटर पर्समधून आणला आणि त्यांच्यादेखत कपात बुडवला. एकसष्ट आलं. मी जिंकल्यासारखी हसले. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमचा थर्मामीटर एका अंशानं कमी दाखवतो." मी तो घरी उकळत्या पाण्यात घालून पाहिला. खरोखरच कमी दाखवत होता.

काखेचं शास्त्रही त्यांनी मला समजावून दिलं होतं. मशीनमधल्या पाण्याचा गरमपणा ओळखायला एक सेन्सर असतो, पेन्सिलीच्या थोटकाएवढा. तो जसा तापेल तसा मीटरवरचा त्याचा आकडा उतरतो. उतरला तर जिवंत, अडून बसला तर मेलेला. तपासायला काहीतरी गरम हवं आणि ते किती गरम आहे हे आधी माहीत हवं. "लोकांच्या घरातला गिझर कुठं लावलाय कोणाला ठाऊक," काका म्हणायचे. "माझी काख कायम सदतीस. पेठेत, खराडीत, थंडीत, उन्हाळ्यात." हे इतकं साधं आणि बिनखर्चाचं होतं की मी त्याचं चार लोकांत कौतुकही केलं. स्वतःच्या घरी मात्र त्यांनी मशीन घेतलं नव्हतं. एकटे राहायचे, दोन शर्ट हातानं धुवायचे.

तर खराडीहून फोन आला.

फोनवरच्या बाई आयटीत होत्या. आवाज रडून बसलेला. त्यांची आई वर्षापूर्वी गेली होती. जाण्याआधी तिनं विणलेला एक लोकरीचा स्वेटर होता. तो घरकामाच्या मावशींनी मशीनला लावला आणि बाहेर आला तो बाहुलीला होईल एवढा, घट्ट नमद्यासारखा. मशीनच्या दाराची काच हात लावू देत नव्हती इतकी तापली होती. "मॅडम, ॲक्च्युअली मला एवढंच कन्फर्म करायचंय," त्या म्हणाल्या. "मावशी म्हणतायत, त्यांनी लोकरीचंच बटण दाबलं. चाळीस डिग्रीचं. मशीन बिघडलंय की त्या खोटं बोलतायत? खोटं बोलत असतील तर मला त्यांना ठेवायचं नाहीये."

मी काकांना पाठवलं. ते गेले, सेन्सर काढला, काखेत धरला. आकडा उतरला आणि जिथं यायला हवा तिथं बरोबर येऊन थांबला. सेन्सर परत बसवला, गार पाण्याचा एक छोटा फेरा चालवून पाहिला आणि कार्डावर लिहिलं: 'सेन्सर तपासला. निर्दोष. पाणी अधिक तापले ते हाताळणीतील चुकीमुळे.'

मी शिक्का मारला आणि फोटो पाठवला. संध्याकाळी बाईंचा पुन्हा फोन. "म्हणजे मशीनचा काही दोष नाही ना? नक्की?" मी म्हणाले, "मॅडम, आमच्या काकांनी तपासलंय. त्यांचं चुकत नाही." हे मी माझ्या खास फोनच्या आवाजात म्हणाले. त्या आवाजाचा मला तेव्हा अभिमान होता.

मावशींचं काम गेलं. ते तेवढ्यावर राहिलं नाही, हे आम्हाला नंतर कळलं. बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, कार्डाचा फोटोही टाकला. त्याच इमारतीत मावशींची आणखी दोन घरं होती. आठवड्याभरात तीही सुटली.

इकडे आमचं दुकान चालूच होतं. दोन-अडीच महिने गेले. मग सदाशिव पेठेतून एक फोन आला, तक्रार तीच: चाळीसवर लावलं की पाणी उकळतं. मशीनही त्याच जातीचं. ग्राहक म्हणजे ससून की कुठल्याशा रुग्णालयातून निवृत्त झालेल्या सिस्टर. पुढचं मला काकांनीच सांगितलं, स्वतःच्या पदरचं काहीही न घालता, जसं घडलं तसं.

त्यांनी शर्टाची दोन बटणं सोडली. सिस्टर खुर्चीत बसून बघत होत्या. तीन मिनिटांनी काका म्हणाले, "ठीक आहे."

सिस्टर म्हणाल्या, "काय ठीक आहे?"

"सेन्सर. सदतीस दाखवतोय."

"अहो, पण कपडे काय तुमच्या काखेत धुवायचेत का मला?"

काकांनी त्यांना आपलं शास्त्र सांगायला सुरुवात केली. सिस्टरांनी हातानंच थांबवलं. "मी पस्तीस वर्षं लोकांच्या काखेत थर्मामीटर लावलेत. काखेत सदतीसच येतं. चाळीस आलं तर तो माणूस ॲडमिट करायचा असतो. तुमचं मशीन चाळीसला थांबायला हवं, आणि तुम्ही बघताय सदतीसपर्यंत. पुढचं कोण बघणार?"

त्या उठल्या, स्वयंपाकघरातून कढत पाण्याचं पातेलं आणलं आणि काकांसमोर ठेवलं. काकांनी सेन्सर त्यात धरला. मीटरवरचा आकडा उतरत उतरत आला, अडतिसाच्या जागी पोचला आणि तिथंच थबकला. पाणी हात घालवणार नाही इतकं कढत, आणि सेन्सर म्हणतोय अडतीस. मशीन बिचारं चाळिसाची वाट बघत पाणी तापवत राहणार, दुसरं काय करणार? रोजचे कपडे आपल्याकडे गार पाण्यात धुतात, त्यामुळे हा दोष एरवी कुणाला दिसणारही नाही. फक्त लोकरीच्या वेळी.

काका दुकानात आले तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. पिशवी खाली ठेवली, चहा आला तो तसाच निवू दिला. मग मला म्हणाले, "खराडीचं ते स्वेटरचं कार्ड काढा." मी खोक्यातून काढून दिलं. ते त्यांनी वाचलं, पालथं केलं, पुन्हा वाचलं. "मशीन त्याच जातीचं आहे," ते म्हणाले. कार्ड टेबलावर ठेवलं. "मी तीस वर्षं हेच करतोय. काखेत धरतोय."

मला तेव्हा वाटलं, सांगावं, जाऊ द्या काका, होतं असं कधी कधी. पण 'त्यांचं चुकत नाही' हे मीच बोलले होते. तोंडाशी आलेलं गिळलं.

रविवारी, सुट्टीच्या दिवशी, मी त्यांच्या स्कूटरच्या मागे बसून खराडीला गेले. "त्या बाईंच्या घरीही जायला लागेल," ते म्हणाले होते. "तुम्ही सोबत असलेल्या बऱ्या." मालकांना आम्ही सांगितलं नाही. मालकांचा नियम होता, दुकानाच्या कागदावर दुकानाची चूक लिहायची नाही. मी कोरी कार्डं आणि शिक्का पर्समध्ये टाकला. हे मालकांना पुढं कळलं आणि त्यांनी आम्हा दोघांना एका ओळीत उभं करून सुनावलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि "बरोबर आहे तुमचं" म्हणाले, जे त्यांनी त्याआधी मालकांना कधीही म्हटलं नव्हतं. वर्षभरात त्यांनी काम सोडलं. पण तोवर प्रत्येक घरी शिरल्या शिरल्या ते आधी पातेलंभर कढत पाणी मागायचे. लोकांना वाटायचं, काकांना अंघोळ करायची आहे.

खराडीच्या फ्लॅटमध्ये नवीन मावशी फरशी पुसत होत्या. काकांनी बादलीत गिझरचं पाणी घेतलं, सेन्सर काढला आणि बुडवला. आकडा उतरला, अडतिसापाशी आला आणि अडला. बाई, काका आणि मी, तिघंही मीटरकडे बघत होतो. त्यांनी पाच मिनिटं वाट पाहिली. मला वाटतं, तो हलावा अशीच त्यांची इच्छा असावी.

"सेन्सर खराब आहे," काका म्हणाले. "तेव्हाही होता. मावशींनी बटण बरोबर दाबलं होतं."

बाई आत गेल्या आणि तो स्वेटर घेऊन बाहेर आल्या. फिकट जांभळा. मांडीवर घेऊन बसल्या. "मला काय माहीत, काका," त्या म्हणाल्या. "तुम्हीच लिहून दिलंत ना."

"हो. मीच लिहून दिलं."

"मग आता बदलून टाका सेन्सर."

"बदलतो. तुम्ही ग्रुपवर लिहिलं होतं. तिथं हेही लिहाल का?"

"काका, अडीच महिने झाले त्याला. नवीन मावशी सेट झाल्यात. आता परत तो विषय..." त्या थांबल्या. "तुम्ही प्लीज मशीनचं बघा ना."

काकांनी मशीनचं पाहिलं. नवा सेन्सर बसवला, चाळीसवर लावून दाखवला. पाणी चाळीसला थांबलं. मला त्या बाईंचा राग आला होता, पण तो मला परवडण्यासारखा नव्हता. त्यांनी माझ्याच शब्दावर विश्वास ठेवला होता.

खाली गेटवरच्या वॉचमनकडे जुन्या मावशींचा नंबर मिळाला. त्याच्या वहीत नोंद होती: 'बी-६०४ मावशी'. काकांनी तिथंच उभं राहून फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "काम हाय का जी?" काका म्हणाले, "काम नाही. माझंच काम आहे तुमच्याकडे." मग पत्ता विचारून घेतला.

येरवड्यात मुख्य रस्त्यावरून आत दोन गल्ल्या सोडून एक चाळवजा बैठी वस्ती होती. मावशी दारातच उभ्या होत्या. चाळिशीच्या असतील. यवतमाळकडून लग्न होऊन आलेल्या, बोलणं अजून तिकडचंच. हाताच्या बोटांना चिरा पडलेल्या. आतल्या खोलीत नवरा टीव्हीसमोर बसलेला दिसत होता.

काकांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सेन्सर काय, अडतीस काय, काख काय. काख सांगताना आवाज जरा खाली गेला. शेवटी म्हणाले, "चूक माझी होती. तुमची नव्हती."

मावशी एक पाऊल पुढे आल्या. मग म्हणाल्या, "मंजे मी लोकरीचंच बटन दाबलं होतं?"

"हो."

"मी तं तेच म्हनत होतो पयले. पन तुमी लिहून देल्लं का चूक हाय म्हून. एवढा जानकार मानूस सांगते, तं मले बी वाटलं, दाबलं असंल दुसरं. मॅडमची माफी मांगली मी. पाया पडली." त्यांनी हात पुढे केले. "आता कोन्या बी घरी मशीनले हात लावत नाई. हातानंच धुतो. घरचे बी म्हनतेत, तुले नाई समजत त्यातलं. मले वाटे, खरंच नसंल समजत."

त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. काम गेलं हे आम्हाला माहीत होतं आणि त्याची तयारी करून आम्ही आलो होतो. स्वतःच्या बोटानं दाबलेलं बटण या बाईला आठवत होतं आणि आमच्या पुठ्ठ्यावरच्या एका ओळीनं तिनं ते आठवणं सोडून दिलं होतं, याची तयारी नव्हती. मला फार लाज वाटली. काकांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही, कारण मी जमिनीकडे बघत होते.

"लिहून देतो," काका म्हणाले. मी कार्ड काढून दिलं. त्यांनी ते स्कूटरच्या सीटवर ठेवून लिहिलं, नेहमीसारखं टपोऱ्या अक्षरात, आणि मावशींच्या हातात दिलं.

"ह्याच्यानं काम भेटंल?" त्यांनी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही," काका म्हणाले.

मावशी अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागल्या. "सदर यंत्राचा सेन्सर सदोष. अडतीस अंशांपुढे वाचत नाही. पूर्वीचे निदान चुकीचे होते. पाणी अधिक तापले त्यात... मोलकरणीची..." बोट थांबलं. "हे कोन?"

"तुम्ही," काका म्हणाले.

"मंग नाव टाका ना."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. खराडीच्या बाई मावशी म्हणत होत्या, आम्ही मावशी म्हणत होतो, वॉचमनच्या वहीत फ्लॅटचा नंबर होता. त्या अडीच महिन्यांत आमच्यापैकी कोणी विचारलंच नव्हतं.

"नाव काय आपलं?" काकांनी विचारलं.

"सुनंदा," त्या म्हणाल्या. काका लिहीपर्यंत थांबल्या. मग नवऱ्याचं नाव सांगितलं, पुन्हा थांबल्या, मग आडनाव. काकांनी आधीचा शब्द खोडून त्यावर तिन्ही लिहिली आणि खाली सही केली. त्यांची सही म्हणजे एरवी एक वळवळती रेघ असे. त्या दिवशी त्यांनी स्वतःचंही पूर्ण नाव लिहिलं. मी शिक्का मारला.

सुनंदाबाईंनी कार्ड घेतलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं, सावकाश, एकही शब्द न सोडता. नावापाशी आल्या तेव्हा आवाज थोडा चढला. वाचून झाल्यावर त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड केलं आणि नवऱ्याला हाक मारली.

"आयकता का जी? टीव्ही बंद करा जरा. मी बरोबरच बटन दाबलं होतं."